मागच्या दिव्यामागचं पाणी

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात गाडीच्या डिकीला ओल्या पोत्यासारखा वास यायला लागला. आधी वाटलं, भाजीच्या पिशवीतून काही सांडलं असेल. डिकी रिकामी केली, जाजम झटकलं, दोन दुपारी उन्हात उघडी ठेवली. वास जाईना. मग जाजमाखालचा पुठ्ठा उचलला, तेव्हा स्टेपनी चार बोटं पाण्यात बसलेली दिसली. जॅकचा दांडा गंजून तांबडा झाला होता. पाण्याच्या कडेने पांढरट बुरशीची रेघ उमटली होती, म्हणजे पाणी आजचं नव्हतं.

शहर चेन्नई, वस्ती तिरुवल्लिकेणी. इंग्रजांच्या जिभेवर तिचं ट्रिप्लिकेन झालं. तमिळमध्ये ‘तिरु’ म्हणजे श्री, ‘अल्ली’ म्हणजे कुमुद आणि ‘केणी’ म्हणजे तळं किंवा विहीर. पार्थसारथीच्या देवळापुढच्या तळ्यावरून वस्तीला हे नाव पडलं. एकीकडे हे प्राचीन देऊळ, दुसरीकडे 1795 साली बांधलेली वालाजाह मशीद आणि पूर्वेला मरीनाचा समुद्र. गल्ल्या अरुंद, घरं जुनी. त्यामुळे गाड्या रस्त्याच्या कडेला, उघड्यावरच उभ्या असतात.

आपल्याकडे पाऊस जूनमध्ये लागतो. चेन्नईत जूनमध्ये ऊन मी म्हणत असतं. इथला मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरातला. वर्षाच्या सुमारे 1,400 मिलिमीटर पावसातला निम्म्याहून जास्त याच तीन महिन्यांत पडतो. आपण जिला झड म्हणतो, तिला इथे ‘अडैमळै’ म्हणतात. एखादी सर येऊन गेली तर गाडी निथळून मोकळी होते. झड लागली की तेच पाणी तासन्‌तास त्याच वाटेने वाहत राहतं, आणि वाटेत एखादी केसाएवढी फट असली तरी ती त्याला सापडते.

थोडा हिशेब करू. गाडीचं छत साधारण 2 चौरस मीटर धरलं, तर 50 मिलिमीटर पावसात एकट्या छतावर 100 लिटर पाणी पडतं. 1 डिसेंबर 2015 च्या महापुराच्या पावसात चेन्नईजवळच्या तांबरमला 24 तासांत सुमारे 49 सेंटिमीटर पाऊस झाला. म्हणजे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या छतावरून घरावरच्या टाकीएवढं, जवळजवळ 1,000 लिटर पाणी वाहून गेलं. आता दुसऱ्या टोकाने बघा. एका मिलिलिटरमध्ये साधारण 20 थेंब मावतात. सेकंदाला एक थेंब गळला तर तासाला 180 मिलिलिटर होतात, आणि आठ तासांच्या रात्रीत जवळजवळ दीड लिटर. छतावरच्या पाण्यातला इतका क्षुल्लक वाटा आत आला, तरी सकाळी स्टेपनी पोहायला लागते.

डिकीभोवतीच्या पागोळ्या

गाडी म्हणजे पाणी न शिरणारा डबा, अशी आपली समजूत असते. गाडी बनवणारे तसं समजत नाहीत. पाणी येणारच, हे धरून ते त्याला वाट काढून देतात. छताच्या दोन्ही कडांना खाच असते. तिच्यावर काळी रबरी पट्टी बसवलेली असते म्हणून ती नजरेत भरत नाही. छतावरचं पाणी या खाचेतून मागे येतं, मागच्या खांबावरून उतरतं आणि डिकीच्या तोंडाभोवती असलेल्या पत्र्याच्या पन्हळीत पडतं. डिकी उघडल्यावर रबराच्या बाहेरच्या अंगाला जो खोलगट पत्रा दिसतो, तीच ही पन्हळ. पन्हळ दोन्ही बाजूंना खाली उतरते आणि बऱ्याच गाड्यांमध्ये तिचं तोंड मागच्या दिव्याच्या आड उघडतं. तिथून पाणी दिवा आणि पत्रा यांच्यातल्या फटीतून बंपरच्या मागे जातं आणि रस्त्यावर पडतं.

म्हणजे मागचा दिवा अगदी नाल्याच्या तोंडाशी घर बांधून बसलेला असतो. त्याच्या मागे पत्र्याला भोकं असतात. दोन-तीन भोकं दिव्याच्या बोल्टांसाठी आणि एक मोठं भोक वायरींसाठी किंवा बल्बच्या होल्डरसाठी. या भोकांच्या पलीकडे थेट डिकी. पाणी आणि डिकी यांच्यामध्ये आडवी असते फक्त फोमची एक पट्टी, जिला गॅरेजात ‘पॅकिंग’ म्हणतात. भांडी घासायच्या स्पंजसारखी ती दिसते, पण स्पंजाची भोकं एकमेकांत उघडतात म्हणून तो पाणी पितो. या फोममधला प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र, बंद असतो. दिव्याचे नट आवळले की फोम दबतो, आणि त्याच्या उलट फुगण्याच्या धडपडीमुळे फट बंद राहते.

ही धडपड कायमची टिकत नाही. कापसाची गादी वापरून वापरून बसते, तसा फोमही बसतो. चेन्नईच्या उन्हात तर लवकर. कारखान्यातून बाहेर पडताना गाडीची पाण्याची परीक्षा होते. श्रीपेरुंबुदूर आणि ओरगडमच्या पट्ट्यात गाड्यांचे मोठे कारखाने आहेत. अशा कारखान्यांत तयार गाडी फवाऱ्यांखालून काढतात आणि आत ओल आली का ते पाहतात. त्या दिवशी फोम नवा असतो, गाडी पास होते. पाच-सात उन्हाळे खाल्ल्यावर तीच परीक्षा पुन्हा कोणी घेत नाही. ती पावसानेच घ्यायची.

धुकं आणि गळती

मागच्या दिव्याच्या पाण्याच्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की खर्च वाढतो. पहिल्या प्रकारात पाणी दिव्याच्या आत, लाल काचेमागे दिसतं. काच म्हणायची सवय आहे म्हणून, नाहीतर ते ॲक्रिलिक प्लॅस्टिक असतं. दुसऱ्या प्रकारात दिवा आतून कोरडा असतो आणि पाणी त्याच्या कडेने डिकीत उतरतं.

दिव्याच्या आत सकाळी नुसतं धुकं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. दिव्याला श्वास घ्यायला बारीक छिद्रं ठेवलेली असतात. त्यांतून दमट हवा आत जाते आणि काच गार झाली की तिची वाफ काचेवर बसते. दिवे लावून थोडा वेळ गाडी चालवली की ती विरते. पण चमचाभर पाणी दिव्यात हिंदकळताना दिसलं, तर ते धुक्याचं नाही. 35 अंश तापमानाची, पूर्ण दमटलेली हवा एका घनमीटरमध्ये साधारण 40 ग्रॅम वाफ धरते. दिव्याची पोकळी 2 लिटरची धरली तर तिच्यात मावणारी सगळी वाफ एक दशांश ग्रॅमसुद्धा भरत नाही. सगळी थिजली तरी दीड-दोन थेंब होतील.

मग चमचाभर पाणी येतं कुठून? दिवा ते ओढून घेतो. उन्हात उभ्या गाडीचा दिवा तापून 60 अंशांना गेला आणि वरून अचानक गार सर आली, की आतली हवा आकसते. 60 अंशांवरून 30 अंशांवर येताना हवेचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी घटतं. 2 लिटरच्या दिव्यात ही घट 180 मिलिलिटरची. तेवढी जागा भरायला बाहेरून काहीतरी आत यावंच लागतं. श्वासाची छिद्रं मोकळी असतील तर हवा येते. ती धुळीने बुजलेली असतील आणि काचेच्या सांध्यावरच्या चिरेवर पाणी उभं असेल, तर हवेऐवजी पाणी ओढलं जातं. तापलेली बाटली झाकण लावून गार पाण्यात धरली की आत चेपते, तोच हा प्रकार.

डिकीत शिरणाऱ्या पाण्यामागे आणखी दोन चोर आहेत. एक म्हणजे केशाकर्षण. दिव्याच्या वातीत तेल जसं वर चढतं तसं अरुंद फटीत पाणी वर चढतं. दोन स्वच्छ पृष्ठभागांमध्ये 0.1 मिलिमीटरची फट असेल तर पाणी हिशेबाने 14-15 सेंटिमीटर वर जाऊ शकतं. रंगवलेल्या, धुळकट पत्र्यावर ते एवढं चढत नाही, पण दोन-चार सेंटिमीटर चढलं तरी बोल्टच्या भोकाचा उंबरठा ओलांडायला पुरतं. ‘भोक तर पाण्याच्या वर आहे, मग तिथून कसं येईल?’ या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

दुसरा चोर वाऱ्याचा. गाडी वेगात असताना तिच्या पाठीमागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि चाकांनी उडवलेलं पाणी तिथे भोवऱ्यासारखं घोटाळत राहतं. शिवाय बंपरच्या आड, दिव्यांच्या खालच्या अंगाला, डिकीच्या भिंतीत रबरी पाकळ्यांची छोटी झडप असते. गाडीतली हवा बाहेर जायची ती वाट. सगळ्या काचा बंद करून दार आपटलं की ते सहज लागतं, कानाला दडा बसत नाही, ते या झडपेमुळे. तिच्या पाकळ्या ताठून उघड्या राहिल्या किंवा तिच्या चौकटीचं पॅकिंग गेलं, तर उडालेलं पाणी तिथून आत येतं आणि आळ मात्र वरच्या दिव्यावर येतो.

माझी चूक

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. पाणी डाव्या दिव्याखालच्या कोपऱ्यातून उतरल्यासारखं दिसत होतं, म्हणून मी सिलिकॉनची एक नळी आणली आणि डाव्या दिव्याच्या बाहेरच्या कडेने चहूकडून मनसोक्त भरली. बोटाने सारखी केली. सुकल्यावर काम नीटनेटकं दिसत होतं. दोन दिवसांनी झड लागली आणि सकाळी पाणी दुप्पट झालेलं.

शेवटी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका छोट्या गॅरेजात गेलो. मिस्त्री उतारवयाचे, सगळे त्यांना भाई म्हणत. तिरुवल्लिकेणीत अर्काटच्या नवाबांच्या काळापासून उर्दू बोलणारी मोठी वस्ती आहे, आणि त्यांची बोली दखनी. मराठी माणसाला दखनी ऐकताना घरचं कोणी भेटल्यासारखं होतं, कारण तिच्यातलं ‘नक्को’ हे आपलं ‘नको’ आणि शब्दाला चिकटणारा ‘च’ही आपलाच. भाईंनी दिव्याकडे न बघता आधी विचारलं, ‘‘गाडी किधर खड़ी करते, साब? मुँह किधर?’’

गाडी रोज डाव्या चाकांवर किंचित कलून उभी असायची, कारण रस्ता कडेला उतरता आहे. मागची बाजूही पुढच्यापेक्षा थोडी खाली. भाईंनी मान हलवली. छतावरचं बहुतेक पाणी डाव्या खाचेत, तिथून डाव्या पन्हळीत आणि तिथून डाव्या दिव्याआड. म्हणजे एकट्या डाव्या दिव्यामागे दोघांचं पाणी. आणि मी बाहेरची कड चारही बाजूंनी लिंपून त्या पाण्याची बाहेर पडायची वाटच बंद केली होती. आधी जे खालून निथळून जात होतं, ते आता दिव्यामागे साचून बोल्टच्या भोकापर्यंत चढत होतं. ‘‘लाइट बदलना नक्को,’’ ते म्हणाले. ‘‘पैले ये निकालना.’’ आणि प्लॅस्टिकच्या पातीने माझं सिलिकॉन खरवडायला लागले.

ते काम अर्धा तास चाललं. गळती बुजवण्याचं मात्र पुढे दहा मिनिटांत झालं. मधला दीड तास गेला तो पाणी नेमकं कुठून येतं हे शोधण्यात, आणि शिकण्यासारखं होतं तेही तेच.

शोधायची रीत

पाणी दिसतं तिथून ते शिरलेलं नसतं. पत्र्याच्या वळणावरून, वायरींच्या वेटोळ्यावरून ते हातभर वाहत जातं आणि मग कुठेतरी टपकतं. म्हणून आधी डिकी पूर्ण मोकळी करायची. जाजम, पुठ्ठा, बाजूचे प्लॅस्टिकचे किंवा कापडी पडदे, सगळं काढायचं. ते प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसवलेले असतात. खुंटीचं मधलं टोक आधी वर ओढलं की ती न तुटता निघते. मग आतला पत्रा जुन्या फडक्याने पुसून ठणठणीत कोरडा करायचा. ओल्या पत्र्यावर नवं पाणी ओळखू येत नाही.

भाईंनी यानंतर अंगाला लावायच्या टाल्कम पावडरचा डबा काढला आणि दिव्यामागच्या पत्र्यावर, बोल्टांभोवती, वायरीच्या रबरी बुचाभोवती पातळ भुकटी उडवली. पाण्याचा एक थेंब जरी तिच्यावरून गेला तरी काळी रेघ उमटते, आणि रेघेचं वरचं टोक म्हणजे गळतीचं तोंड. पावडर नसेल तर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या तरी चालतात.

आता पाणी. इथे सगळे घाई करतात आणि जोरात पाइप सोडून गाडी आंघोळ घातल्यासारखी भिजवतात. मग सगळीकडूनच पाणी येतं आणि काहीच कळत नाही. पाणी मंद हवं, आणि ते खालून वर न्यायचं. आधी फक्त बंपरच्या वरच्या कडेवर पाच मिनिटं. आत कोरडं राहिलं तर दिव्याची खालची कड, मग दिव्याची वरची कड, मग पन्हळ, मग मागची काच, सगळ्यांत शेवटी छताची खाच. ज्या पायरीवर रेघ उमटली ती दोषी. वरून सुरुवात केली तर पाणी खालच्या सगळ्या ठिकाणांवरून ओघळतं आणि दोषी-निर्दोष एकत्र भिजतात. हे काम दोघांचं आहे. एकाने बाहेर पाणी धरायचं, दुसऱ्याने मागची सीट पाडून आतून बॅटरी धरून बघायचं. कोणालाही, आणि मुलांना तर मुळीच, डिकीत बसवून झाकण लावायचं नाही.

पाणी मिळालं नाही तर हवा वापरता येते. सगळ्या काचा लावून पंखा बाहेरची हवा घेण्यावर, पूर्ण जोरात ठेवायचा. बाहेरून दिव्याच्या कडेला, सांध्यांना साबणाचं पाणी ब्रशने लावायचं. जिथे बुडबुडे फुगतील तिथे फट आहे. हवा बाहेर येते तिथून पाणी आत जातं. फक्त त्या रबरी झडपेतून हवा येणारच. तिला दोष देऊ नये.

डिकीच्या रबराची परीक्षा कागदाच्या पट्टीने होते. पट्टी रबरावर ठेवून झाकण लावायचं आणि ओढायची. ती अडकून निघाली तर रबर ठीक. सुळकन सुटली तर त्या जागी रबर बसलेलं आहे किंवा झाकण नीट टेकत नाही. गाडी मागून कधी ठोकली गेली असेल आणि डेंटिंग-पेंटिंग झालेलं असेल, तर पत्र्याच्या सांध्यावरचा लेप नव्याने नीट भरला होता का, तेही बघायला हवं.

माझ्या गाडीत दोन रेघा उमटल्या. एक खालच्या बोल्टच्या भोकाशी, जिथे फोम पापडासारखा चपटा झाला होता. दुसरी बरीच वर, पन्हळीत. तिथे दोन पत्रे जोडलेल्या सांध्यावरचा लेप सुकून भेगाळला होता आणि पाणी त्या भेगेतून आत येऊन, आतल्या अंगाने दिव्यामागे उतरत होतं. फक्त पॅकिंग बदललं असतं तर गळती निम्मी झाली असती, आणि मी नव्या पॅकिंगला नावं ठेवली असती.

बुजवायची रीत

दिवा काढणं अवघड नसतं. आतल्या बाजूला दोन-तीन नट किंवा बाहेरून दोन स्क्रू. बहुतेक वेळा 8 किंवा 10 नंबरचा पाना पुरतो. कपलर सोडताना त्याची खुंटी दाबून ओढायचा, वायर धरून कधीही ओढायचा नाही. दिवा हातात आल्यावर त्याची मागची कड आणि पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. जुन्या फोमचा किंवा सिलिकॉनचा तुकडाही ठेवायचा नाही, कारण त्याच्यावर नवं काहीच धड चिकटत नाही. भोकाच्या कडेला गंज असेल तर तो पॉलिशपेपरने घासून, प्रायमर आणि रंगाचा हात मारून, पूर्ण सुकू द्यायचा. गंजावर लावलेलं पॅकिंग गंजाच्या पापुद्र्यासकट सुटतं.

त्याच गाडीचं तयार पॅकिंग मिळालं तर उत्तम. अण्णा सालैजवळच्या जनरल पॅटर्स रोडवर गाड्यांच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. पुदुपेट्टैला, कूवम नदीच्या वळणावर, जुन्या गाड्या सोडवून काढलेल्या सुट्या भागांचा बाजार भरतो; तिथे जुन्यात जुन्या मॉडेलचा दिवाही मिळून जातो. पण पॅकिंग जुनं घेऊ नये. जे बसलं आहे ते पुन्हा उठत नाही. नवं मिळालं नाही तर ब्यूटाइलची दोरी वापरतात. ही काळी, मळलेल्या कणकेसारखी असते, कधीच पूर्ण कडक होत नाही, आणि पुन्हा दिवा काढायची वेळ आली तर सुटते. प्रत्येक बोल्टच्या मुळाशी तिचं एक वेटोळं द्यायचं, आणि दिव्याच्या मागे भोकांना वेढा घालणारं एक सलग कडं करायचं. वेढा भोकांभोवती हवा, दिव्याच्या बाहेरच्या कडेने नको. खालची बाहेरची फट पाण्याला जायला मोकळीच राहिली पाहिजे.

सिलिकॉनबद्दल दोन शब्द. न्हाणीघरात वापरतात त्या स्वस्त सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो ॲसिटिक आम्लाचा. हे आम्ल पत्र्याला आणि होल्डरच्या तांब्या-पितळेच्या पट्ट्यांना गंजवतं. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर रंग धरत नाही, आणि डेंटिंगवाला कपाळाला हात लावतो. आंबट वास न येणारा, धातूसाठीचा प्रकार वेगळा मिळतो. पत्र्याच्या सांध्यांसाठी तर वेगळा लेपच असतो. भाईंनी पन्हळीतली भेग खरवडून तोच भरला आणि गाडी रात्रभर आडोशाला ठेवायला सांगितली.

नट आवळताना एक पूर्ण आणि मग दुसरा, असं करायचं नाही. थोडा हा, थोडा तो, असं आळीपाळीने, हाताला घट्ट लागेपर्यंत. जोर केला की प्लॅस्टिकची कड तडकते, आणि मग नवा दिवाच घ्यावा लागतो.

दिव्याच्या आत पाणी असेल तर काही मिस्त्री खालच्या टोकाला भोक पाडून देतात. पाणी तेवढ्यापुरतं निघतं. पण त्याच भोकातून धूळ, वाफ आणि उडालेलं पाणी आत येत राहतं आणि आतला चमकता मुलामा काळवंडतो. त्यापेक्षा श्वासाची छिद्रं साफ करावी, चीर असेल तर ती बुजवावी किंवा दिवा बदलावा.

खारी हवा

डिकी चार दिवस ओली राहिली तर बिघडलं कुठे, असं कोणी विचारेल. मरीनाजवळ राहणाऱ्याने तरी विचारू नये. समुद्राच्या वाऱ्याने मिठाचे बारीक कण गाडीवर, दिव्याआड, होल्डरमध्ये बसतात. मीठ विरघळलेलं पाणी वीज वाहून नेतं आणि गंजाचा वेग वाढवतं. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीचा गाडीवाला हे जाणतो.

सगळ्यांत आधी गंजते ती अर्थिंगची पट्टी. मागच्या दिव्यातले सगळे बल्ब एकाच अर्थिंगवर परततात. ती वाट गंजाने बंद झाली की ब्रेकच्या बल्बचा प्रवाह शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, किंवा इंडिकेटर लावला की पार्किंगचा दिवा उघडझाप करतो. लोक वायरिंग बदलायला निघतात. बहुतेकदा होल्डर सोडून हिरवट गंज घासला की खेळ थांबतो. पण गळती तशीच असेल तर पुढच्या पावसात तो पुन्हा सुरू होतो. ब्रेकचा दिवा लागला नाही तर मागच्याला आपण थांबतो आहोत हे कळत नाही, त्यामुळे हा विषय निव्वळ वासाचा उरत नाही.

जुन्या गाड्यांत बल्ब बदलून भागायचं. आताच्या एलईडी दिव्यांत सर्किट आतच बंदिस्त असतं, आणि पाण्याने ते गेलं की बहुधा सगळा दिवाच बदलावा लागतो. पॅकिंगच्या किमतीशी त्या दिव्याच्या किमतीची तुलनाच नको. काही गाड्यांत तर बॅटरी किंवा पार्किंग सेन्सरचा डबा डिकीच्याच भिंतीत असतो.

एक खबरदारी मात्र उलट्या बाजूची. स्टेपनीच्या खड्ड्याच्या तळाला रबरी बूच असतं. पाणी काढायला ते उपटतात आणि ‘असू दे, पाणी आपोआप जाईल’ म्हणून तसंच ठेवतात. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळाच्या पावसात चेन्नईत रस्त्यांवर गाड्या तरंगल्या. तसं पाणी खालून येतं, आणि उघड्या भोकातून ते सगळ्यांत आधी डिकीत शिरतं. खड्डा सुकवून झाला की बूच जागच्या जागी बसवायचं. डिकीतला फोम, नमदा आणि जाजम मात्र बाहेर काढूनच वाळवायचं. वरून कोरडं लागलं तरी आत आठवडाभर ओल धरतं आणि वास तिथेच मुरतो.

माझ्या गाडीचा वास जायला तीन आठवडे लागले. त्यानंतर नोव्हेंबरातली झड आली, पाच दिवस. रोज सकाळी मी पुठ्ठा उचलून स्टेपनीखाली हात फिरवत होतो, आणि हात रोज कोरडा येत होता. भाईंनी नवा दिवा विकला असता तर त्यांना चार पैसे जास्त मिळाले असते. त्यांनी एक भेग, एक पॅकिंग आणि टाल्कम पावडर एवढ्यावर काम भागवलं.

तुमच्या गाडीला पाच वर्षं झाली असतील तर वास यायची वाट बघू नका. मंद धारेने, खालून वर, अर्धा तास पाणी सोडून बघा आणि पुठ्ठ्याखाली हात घाला. महाराष्ट्रात हे काम मे महिन्यात करायचं, चेन्नईत सप्टेंबरात.